टोफू जाळीला चिकटतोय, काय करू? (आणि सळईवरचे बाकीचे प्रश्न)

थंडी सुरू झाली की आपल्याकडं शेतावरच्या पार्ट्यांना ऊत येतो, आणि या सदराकडं येणाऱ्या प्रश्नांत शेगडी, कोळसा, सळ्या हे शब्द वाढतात हे दरवर्षीचंच आहे. यंदा गंमत अशी की मटणाबद्दल कुणी काही विचारत नाही, सगळ्यांचं घोडं टोफूवर अडलंय. कोल्हापुरात टोफू म्हटल्यावर अजून लोक तोंड वाकडं करतात पण प्रश्न बघता घराघरात पोचलाय म्हणायचा. तर यावेळी फक्त सळईवरचा टोफू आणि भाज्या, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: काकू नमस्कार, आम्ही सगळे मित्र रविवारी पन्हाळा रोडला एकाच्या शेतावर जमतो. बाकीच्यांचं मटण चिकन असतंय, आम्ही दोघं तिघंच शाकाहारी, त्यात एकानं जिम लावल्यापासून पनीर सोडून टोफू धरलाय. मागच्या वेळी टोफूचे तुकडे मसाला लावून सळईला लावले, शेगडीवर ठेवले, तर पलटी मारायच्या आधीच निम्मे निखाऱ्यात आणि उरलेले जाळीला चिकटून बसले. पोरं अजून हसाल्यात. नेमकं कुठं चुकतंय?
— शाहूपुरीचा शाकाहारी

उत्तर: हसू देत रे त्यांना, पुढच्या रविवारी हात पुढं करतील तेव्हा एकेकाला मोजून तुकडा द्यायचा.

पहिलं म्हणजे पाकिटावर काय लिहिलंय ते बघ. सिल्कन किंवा सॉफ्ट असेल तर तो सळईसाठी नाहीच, तो पाकिटातच थरथरतो, सळई घातली की दोन फाकी होतात. फर्म किंवा एक्स्ट्रा फर्म पाहिजे. दुकानात पाकीट अंगठ्यानं हलकं दाबून बघायचं, खड्डा पडून तसाच राहिला तर ठेवून दे परत.

आता खरं दुखणं. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं विरजण नव्हे, ते दूध फाडून दाबलेला चोथा पण नव्हे, तर त्या दुधातलं प्रोटीन क्षारानं किंवा आंबटानं गोठवून केलेली वडी, आणि त्या वडीत प्रोटीनच्या जाळ्यात अडकलेलं पाणीच जास्त असतं. फर्म टोफू घेतला तरी वजनाच्या पाऊण हिश्शाच्या आसपास पाणीच. पनीर तापलं की तूप सुटतं म्हणून ते स्वतःचं स्वतः जाळीपासून सुटतं, टोफूत चरबी कमी आणि पाणी जास्त, त्यामुळं तापला की आधी पाणी सोडणार, आणि जोवर वरचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० डिग्रीच्या वर जात नाही, म्हणजे तो भाजत नाही, नुसता शिजत राहतो, आणि शिजणारं ओलं प्रोटीन गरम लोखंडाला धरून बसतं. मसाला कुठला लावला याचा याच्याशी काही संबंध नाही. पाणी काढलंस की निम्मं काम झालं.

ते असं काढायचं. टोफूची वडी धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळ, ताट जरा तिरकं ठेवून त्यावर ठेव, वर पोळपाट आणि पोळपाटावर पाण्यानं भरलेला कुकर. पहिली पाच मिनिटं कुकर अर्धाच भर, एकदम सगळा भार टाकलास तर वडीला कडेनं तडे जातात आणि नंतर सळई घालताना तिथंच तुटते. अर्ध्या तासात पंचा चिंब होतो. मग तुकडे कापायचे आणि, हे फार लोक करत नाहीत पण फरक यानंच पडतो, एक लिटर पाणी दोन मोठे चमचे मीठ घालून उकळायचं, गॅस बंद करायचा आणि तुकडे त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे. टोफूतलं पाणी काढायला पुन्हा पाण्यात कशाला टाकायचा असं वाटेल, पण खारट गरम पाण्यात प्रोटीन आवळून येतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं, शिवाय मीठ आत जातं ते वेगळंच. नंतर बाहेर काढून पंच्यावर पसरायचे आणि वरून हात लावला तर कोरडे लागले पाहिजेत इतका वेळ ठेवायचे.

दुसरी वाट फ्रीजरची. पाकीट रात्री फ्रीजरला टाक, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून पूर्ण सुटू दे आणि दोन्ही तळव्यांत धरून पीळ. बर्फाचे कण आतून जाळं फाडतात, टोफू जाळीदार होतो, पाणी भसाभस निघतं. गोठलेला असताना पिवळट दिसतो, घाबरू नको, सुटला की परत पांढरा होतो. याची चव चिवट लागते, मटण खाणाऱ्यांना हाच जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे.

तुकडे बारीक करू नको. टिक्क्यासाठी पनीर कापतोस त्याहून मोठे, दीड इंचाचे तरी, आणि चपटे. गोल सळईवर तुकडा फिरतो, तू सळई उलटी करतोस आणि तुकडा आहे तिथंच राहतो, भोक मोठं होत जातं आणि मग गळतो. म्हणून चपटी सळई घे नाहीतर दोन सळया शेजारी शेजारी एकाच तुकड्यातून घाल. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपला स्टेनलेस स्टीलची चपटी पट्टी हवी तेवढी कापून एक टोक ग्राइंड करून देतात, फक्त जस्ताचा मुलामा दिलेली म्हणजे गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका, ती तापली की धूर चांगला नसतो.

आणि शेगडी. लोणारी कोळसा पेटवून लगेच सळ्या ठेवता तुम्ही लोक, भूक लागलेली असते कळतंय मला. पण निखाऱ्यावर राखाडी थर धरेपर्यंत थांबायचं, ज्वाळा पूर्ण बसल्या पाहिजेत. जाळीपासून चार पाच इंच वर तळहात धर, तीन चार सेकंदात काढावासा वाटला तर आच बरोबर. रॉकेल पेट्रोल ओतून कोळसा पेटवायचा नाही, जीवाला धोका आहेच आणि टोफू तो वास लगेच धरतो. जाळ अन् धूर संगटच हे आपल्याकडं बाकी सगळीकडं चालतं, टोफूला दोन्ही नको.

जाळी रिकामी तापव, तारेच्या ब्रशनं घास, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवर फिरव. तुकड्यांनाही तेलाचा हात. सळ्या ठेवल्या की तीन चार मिनिटं हात खिशात. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो, सुटत नसेल तर अजून झालेला नाही एवढंच, ओढायचं नाही.

जिमवाल्या मित्राला सांग, पाकिटामागचा तक्ता वाच म्हणून. टोफूत पनीरपेक्षा चरबी बरीच कमी असते हे खरं, पण प्रोटीन किती ते कंपनी आणि घट्टपणावर बदलतं, नावावर जाऊ नको.

प्रश्न: काकू, मी टोफूला दही, तिखट, आपली घरची कांदा लसूण चटणी, लिंबू, सगळं लावून रात्रभर फ्रीजला ठेवते. तरी चावला की आत पांढरा आणि फिक्का. आणि वरून मसाला मात्र काळा पडून कडू लागतो. मुलं वरचं चाटून आतलं ताटात ठेवतात. यावर काही उपाय आहे का?
— दोन मुलांची आई, कळंबा

उत्तर: अगं, आहे ना. पण आधी एक समजून घे, तेलातला मसाला टोफूच्या आत जाणारच नाही, रात्रभर काय आठवडाभर ठेवलास तरी. आत सगळं पाणी, तेल आणि पाणी मिसळत नाही, आणि मिरचीचा रंग, मसाल्यांचा वास हे बरंचसं तेलात उतरणारं. आत जाऊ शकतं ते मीठ आणि थोडं आंबट. म्हणून वर शाहूपुरीच्या पोराला सांगितलंय ते खाऱ्या गरम पाण्याचं तू पण कर, फिक्केपणाचा निम्मा उपाय तिथंच होतो. आणि तुकडे कापल्यावर दोन्ही अंगानं सुरीनं तिरक्या उथळ रेघा मार, मसाल्याला बसायला जागा मिळते.

रात्रभर ठेवायची गरज नाही. एक तास पुष्कळ झाला, दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. उलट दही लिंबू लावून जास्त वेळ ठेवलं की मसाल्यालाच पाणी सुटतं आणि तू मेहनतीनं कोरडा केलेला टोफू परत भिजतो. दही वापरायचं तर चक्का करून वापर.

आता चटणीबद्दल. आपली कोल्हापुरी चटणी म्हणजे नुसतं तिखट नाही, त्यात खोबरं असतं, तीळ असतात, तळलेला कांदा, लसूण, आणि हे सगळं आधीच एकदा भाजून तळून झालेलं असतं. ते थेट निखाऱ्यावर गेलं की दोन मिनिटात जळतं, तुझा कडवटपणा तिथून येतोय. रश्शात ही अडचण येत नाही कारण तिथं पाणी असतं. म्हणून सळईसाठी चटणी दोन टप्प्यांत वापरायची, थोडी आधी आणि उरलेली शेवटी.

चारशे ग्रॅम टोफूला माझं प्रमाण असं: चार मोठे चमचे चक्का, एक चमचा कोरडं भाजलेलं बेसन, एक लहान चमचा आलं लसूण वाटण, पाव चमचा हळद, एक चमचा ब्याडगी मिरचीची पूड रंगासाठी, चटणी फक्त एक लहान चमचा, आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. तेल कोमट करून त्यात हळद, ब्याडगी आणि चटणी आधी कालवायची, रंग सुटतो, मग ते चक्क्यात. बेसन विसरू नको, मसाला तुकड्याला धरून ठेवायचं काम ते करतं. मीठ शेवटी चाखून, कारण चटणीत असतं आणि टोफूत पण गेलंय. ज्यांना दूध दही चालत नाही त्यांनी चक्क्याऐवजी भिजवलेले काजू वाटून घ्यावेत आणि लिंबू पिळावं, चांगलं होतं.

उरलेली चटणी एका वाटीत दोन चमचे गरम तेल, थोडं लिंबू आणि सुपारीएवढा गूळ घालून पातळ करून ठेव. टोफू दोन्ही बाजूनं भाजून झाला की शेवटच्या एका मिनिटात ब्रशनं हे लावायचं, एक पलटी, की उतरवायचं. गूळ आधीपासून मसाल्यात घालायचा नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून तो निखाऱ्यावर जळायचा थांबत नाही.

आणि ही युक्ती माझी नाही हो. जपानमध्ये टोफू काडीला लावून भाजायचा प्रकार शेकडो वर्षं जुना आहे, देंगाकु म्हणतात त्याला. ते लोक टोफू आधी दाबून पाणी काढतात, दोन टोकांच्या काडीला किंवा दोन काड्यांना लावतात, नुसताच भाजतात, आणि मग वरून मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोडसर खारट लेप लावून परत जरासा आचेवर धरतात. लेप शेवटी, कारण त्यात साखर असते, जळते. आपल्या चटणीला तोच न्याय. टोफूला आत मसालेदार करायच्या मागं लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आत खारट आणि मऊ, बाहेर खरपूस आणि झणझणीत, मुलं ताटात ठेवणार नाहीत बघ.

प्रश्न: सळईवर कांदा, ढबू मिरची, टोमॅटो, बटाटा, मश्रूम, टोफू असं आळीपाळीनं लावलं की फोटोत लई भारी दिसतं पण खाताना बटाटा कच्चा, टोमॅटो गळून गेलेला आणि ढबू काळी. हॉटेलवाले कसं करतात?
— राजारामपुरी, नाव नको

उत्तर: हॉटेलवाले तंदूरमध्ये करतात, तिथं चारी बाजूनं आच असते, आणि बटाटा आधी उकडलेला असतो. घरी एका सळईला एकच भाजी लावायची, हा सरळ उपाय. फोटो काढायचा असेल तर ताटात लावताना मिसळा, कोण अडवतंय.

बटाटा, रताळं, फ्लॉवर, गाजर, मक्याचं कणीस हे आधी मिठाच्या पाण्यात अर्धकच्चं उकडून, निथळून, गार करून मग सळईला. फ्लॉवर उकडताना नजर ठेवा, सुरी जेमतेम शिरली की बाहेर. कांदा मोठ्या फाकी करून, दोन दोन पाकळ्या एकत्र ठेवून लावायचा, सुट्या पाकळ्या लगेच करपतात. ढबूला जास्त आच लागते पण थोडा वेळ, तेव्हा ती निखाऱ्याच्या मध्यभागी आणि बाकी कडेला. शेगडीत कोळसा सगळीकडं सारखा पसरू नका, एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला पातळ थर ठेवला की जे घाई करतंय ते पातळ बाजूला सरकवता येतं. मश्रूम धुवून लगेच पुसायचे, पाण्यात ठेवले तर नंतर तेच पाणी निखाऱ्यावर. टोमॅटो लहान, कडक, अख्खे, आणि शेवटी दोनच मिनिटं.

वांगं कुणी लावत नाही सळईला, का ते कळत नाही. आपल्याकडची छोटी काटेरी वांगी मधून उभी चिरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवून, पुसून, वर सांगितलेलं चटणीचं तेल लावून भाजा. टोफू बाजूला राहील.

प्रश्न: आम्ही नागाळा पार्कात चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीला काचा लावून घेतल्यात. पावसाळ्यात तिथं छोटी कोळशाची शेगडी पेटवून टोफू टिक्का करावा असा ह्यांचा विचार आहे, एक काच उघडी ठेवू म्हणतात. चालेल का? नाहीतर गॅसवर तशी चव येते का?
— गृहिणी, नागाळा पार्क

उत्तर: नाही चालणार, आणि ह्यांना माझं नाव सांगून सांगा. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे पण चुरचुरत नाहीत, त्यामुळं कळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं दमलोय जरा पडतो, आणि तिथंच घात होतो. दरवर्षी हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यामुळं माणसं गेल्याच्या बातम्या पेपरात येतात त्या याच्याच. एक काच उघडी म्हणजे हवा खेळती नव्हे. विझत आलेला कोळसा सुद्धा हा वायू सोडतो, तेव्हा वापरून झालेली शेगडी पण घरात आणायची नाही. कोळसा उघड्यावर, गच्चीवर किंवा अंगणात, बस्स.

गॅसवर चव येते, अगदी तीच नाही पण जवळपास. बिडाचा तवा असेल तर उत्तम. चांगला पाच मिनिटं तापवायचा, तेल तव्याला न लावता तुकड्यांना लावायचं आणि गर्दी न करता ठेवायचे, तव्यावर निम्मी जागा मोकळी दिसली पाहिजे, नाहीतर सुटलेली वाफ तिथंच कोंडते आणि टोफू परत शिजायला लागतो. तव्यावर लांब सळया वापरू नका, कडेवर टेकून तुकडे अधांतरी राहतात. आधी तुकडे भाजा, मग वाढताना काडीला टोचा. ओव्हन असेल तर २२० डिग्री, जाळीवर ठेवून वीस पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

धुराचा वासच पाहिजे असेल तर धुंगार द्या. भाजलेले तुकडे पातेल्यात घ्या, मधोमध स्टीलची छोटी वाटी, त्यात गॅसवर लाल केलेला एकच लहान निखारा, वर अर्धा चमचा तूप किंवा तेल, धूर आला की लगेच झाकण. दोन तीन मिनिटांत उघडा, जास्त ठेवलं तर राखेची चव लागते. खिडकी पूर्ण उघडी ठेवून करा आणि निखारा नंतर पाण्यात विझवा.

प्रश्न: ताई, आम्ही हातकणंगले तालुक्यातले शेतकरी. घरचं सोयाबीन आहे. बाजारात टोफूचं पाकीट घ्यायचं जीवावर येतं, आपल्याच सोयाबीनचा टोफू घरी होईल का? आणि तो सळईवर टिकंल का?
— एक शेतकरी

उत्तर: होईल की दादा, आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. सोयाबीन आपण पोत्यांनी पिकवायचं, ते तेलाच्या गिरणीला घालायचं आणि त्याचाच टोफू शहरातून पाकिटात विकत आणायचा, याला काय अर्थ आहे.

पण आधी हात जोडून एक सांगते. पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही वापरायचं नाही. त्याला बीजप्रक्रिया केलेली असते, बुरशीनाशक चोळलेलं असतं, धुवून ते जात नाही. खायचं सोयाबीन म्हणजे मळणी करून, वाळवून, निवडून वेगळं ठेवलेलं. दुसरं, सोयाबीन कच्चं पोटात जाऊ द्यायचं नाही. त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते नीट उकळल्यावरच निकामी होतात.

पाव किलो सोयाबीन रात्री भिजत घाला, आठ दहा तास, थंडीत बारा. सकाळी चोळून सालं काढा, सगळी नाही निघाली तरी चालतंय. मिक्सरला वाटताना गरम पाणी घाला, त्यानं तो हिरवट उग्र वास बराच कमी होतो. एकूण दोन लिटरच्या आसपास पाणी लागेल. फडक्यातून पिळून दूध गाळा. हे दूध मोठ्या पातेल्यात तापवा, अर्धंच भरलेलं पाहिजे, कारण उकळायच्या आधीच फेस वर येतो आणि माणसाला वाटतं उकळलं, पण ते खरं उकळलेलं नसतं. फेस काढून टाका, खरी उकळी फुटल्यावर मंद आचेवर दहा पंधरा मिनिटं ढवळत ठेवा.

मग खाली उतरवून पाच मिनिटं थांबा. तीन चार चमचे लिंबाचा रस अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळून तीन वेळा थोडा थोडा घाला, दर वेळी हलक्या हातानं एकदाच फिरवा, जास्त ढवळलं तर गोळे मोडतात. झाकून पंधरा मिनिटं. पाणी पिवळसर नितळ दिसलं म्हणजे जमलं, अजून दुधाळ असेल तर चमचाभर लिंबूपाणी अजून. फडकं घातलेल्या चाळणीत ओता, घडी घाला आणि वर वजन. सळईसाठी पाहिजे असेल तर तासभर चांगलं जड वजन ठेवा.

लिंबानं केलेला टोफू जरा आंबूस आणि ठिसूळ होतो हे खरं आहे. कारखान्यात कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, त्यानं वडी घट्ट आणि सलग बसते. खाण्यायोग्य म्हणून विकलेलं मिळालं तर जरूर वापरा, पण खताच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट घरात आहे म्हणून तेच टाकलं असं करू नका, ते पिकासाठी आहे, पोटासाठी नाही. लिंबाचा टोफू सळईवर टिकवायचा तर थेट टोचू नका, तव्यावर दोन्ही बाजूनं आधी परतून कडक करून घ्या, मग दोन काड्या. दूध गाळून उरलेला चोथा टाकू नका, पण तो कच्चाच असतो, म्हणून आधी नीट शिजवून घ्या आणि मगच थालीपिठात घाला. म्हशीला घातला तर ती पण नाही म्हणणार नाही.

थोडक्यात उत्तरं

*बांबूच्या काड्या जळतात (मंगळवार पेठ):* अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, तरी उघडी टोकं जळणारच, तिथं फॉइल गुंडाळा किंवा टोक शेगडीच्या बाहेर येईल असं ठेवा. जास्त माणसं असतील तर स्टीलच्याच बऱ्या.

*मटणाच्याच शेगडीवर आमचं शाकाहारी भाजतात, मन घेत नाही (जुना बुधवार पेठ):* मन घेत नसेल तर घेऊच नका, त्यात लाजायचं काय. शेगडी एक असली तरी जाळी, ब्रश, चिमटा, मसाल्याचं भांडं वेगळं ठेवा आणि शाकाहारी आधी भाजून घ्या म्हणावं. कच्च्या मटणाला लागलेला ब्रश टोफूला लावणं हे धर्माचं सोडा, तब्येतीला पण बरं नाही. पार्टी देणाऱ्यानं हे न सांगता करायला पाहिजे.

*उघडलेलं पाकीट किती टिकतं (ताराबाई पार्क):* स्वच्छ पाण्यात बुडवून, झाकून, फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलून तीन चार दिवस. आंबट वास, बुळबुळीतपणा आला की टाकून द्या, धुवून वापरायच्या भानगडीत पडू नका.

*थायरॉईडची गोळी चालू आहे, टोफू चालेल का (साने गुरुजी वसाहत):* सोयामुळं ती गोळी अंगी लागण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून गोळी आणि टोफूमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना सोयाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी टोफूच्या वाटेला जायचं नाही.

*उरलेला टोफू टिक्का दुसऱ्या दिवशी तांबड्या रश्शात घातला तर चालेल का, घरात यावरून वाद झालाय (शिवाजी पेठ):* चालेल. मटणाचा नव्हे, भाजीचा रस्सा असेल असं धरून सांगते. रस्सा पूर्ण उकळून तयार झाला की गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी तुकडे सोडा, आधीपासून उकळत ठेवले तर वरचा खरपूसपणा जातो आणि सगळी चटणी रश्शात उतरून रस्सा डोळ्यातून पाणी काढतो. पांढऱ्या रश्शात मात्र घालू नका, तिथं वाद घालणाऱ्याच्या बाजूनं मी आहे.